उतरलेली विमानं मोजलीत, क्षमता नव्हे

हवामानावरून विमानतळाची क्षमता, म्हणजे तासाला किती विमानं उतरू शकतील, हे सांगणारं तुमचं मॉडेल चाचणीत झकास चालतं, पण खऱ्या गडगडाटी वादळात ती ताशी १२ वर आणून ठेवतं, हे तुमचं वाचलं. जुनं, ओळखीचं दुखणं आहे. रडारची चित्रं कशी जुळवायची, न्यूरल नेटवर्क कोणतं, ते सोडून देतो. घोळ लेबलात आहे, म्हणजे मॉडेलला शिकवताना 'बरोबर उत्तर' म्हणून दिलेल्या आकड्यात.

'त्या तासात उतरलेली विमानं' हेच तुम्ही क्षमता म्हणून धरलंय. समजा, धावपट्ट्या ताशी ४० विमानं घेऊ शकतात. वादळाच्या धास्तीने तीन ते चार ग्राउंड स्टॉप लागला (इकडे येणारी विमानं निघायच्या ठिकाणीच रोखली) आणि वादळ बाजूने निघून गेलं. दीड तासावरची विमानं मात्र निघालीच नाहीत. म्हणून साडेचार ते साडेपाच आभाळ मोकळं असूनही उतरली १२, तीही आधीच हवेत असलेली लांब पल्ल्याची. मॉडेल शिकलं: जवळपास वादळ म्हणजे १२. पुढच्या वेळी ते १२ सुचवणार, विमानं रोखली जाणार, १२च उतरणार आणि अंदाज अचूक ठरणार! चाचणीत हे कधीच दिसत नाही, कारण तिथली लेबलंही त्याच पिठाची.

प्रत्येक १५ मिनिटांसाठी आधी बघा, रांग होती का? विमानं होल्डिंगमध्ये घिरट्या घालत असतील किंवा अप्रोचचा (उतरायला येण्याचा) मार्ग लांबवला असेल, तरच उतरलेला आकडा म्हणजे क्षमता. रांग नसेल तर तो 'निदान एवढी तरी'. अशा नोंदी फेकू नका, सेन्सॉर्ड लॉस लावा: अंदाज त्या आकड्याखाली गेला तरच दंड. रांगेच्या नोंदी कमी असल्या की मॉडेल वर उधळतं, म्हणून त्या वेळी वापरात असलेल्या धावपट्ट्यांची स्वच्छ हवामानातली क्षमता ही कमाल मर्यादा ठेवा. उत्तर एका आकड्यात नको, क्वांटाइल द्या, म्हणजे कोणत्या आकड्याखाली क्षमता जाण्याची शक्यता किती, ते.

ग्राउंड स्टॉपसारख्या निर्बंधांच्या नोंदी मॉडेलला देताना सावध राहा. एक कार्यालय (नाव नको) स्टॉपची फक्त अंतिम वेळ ठेवतं. जाहीर झाला साडेतीनपर्यंत, वाढवला चारपर्यंत. फायलीत फक्त चार. तीन वाजता नियंत्रकालाही ठाऊक नसलेलं मॉडेलला ठाऊक! विचारलं तर 'अंतिम तीच अधिकृत'. कपाळ! हवामानाचंही तसंच: नंतरचं रडार नको, निर्णयाच्या क्षणी हातात असलेला अंदाज हवा, जारी झाल्याच्या वेळेसकट. आणि चाचणीसाठी अख्खा दिवस बाजूला काढा; एकाच वादळाचे तास शिकवण्यात आणि चाचणीत असे दोन्हीकडे विखुरले की गुण फुकटचे.

मार्गावरच्या विमानांसाठी नुसती रडारची तीव्रता पुरत नाही. ३७,००० फुटांवरचं विमान ३०,००० फुटी ढगावरून बरेचदा जातं, म्हणून उड्डाणाची उंची वजा ढगमाथा हे फीचर (मॉडेलला द्यायची माहिती) घालाच. विमानतळाजवळ त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे सगळे खालीच असतात.

हे नियोजनाच्या सल्ल्यापुरतं. नियंत्रकाच्या पडद्यावर थेट चढवायचं असेल तर आधी नियामकाची मंजुरी.