वाचक विचारतात: गाईड कसा निवडायचा, फेलोशिप कुठे अडकली?

गेल्या अंकात एमएस्सीनंतर पीएचडीला जावं का यावर लिहिलं होतं, त्यावर सायन्सच्या पोरापोरींच्या मेलचा नुसता ढीग आलाय. त्यातले काही प्रश्न आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर असं इथे घेतलंय. नावं काढून टाकलीत, कारण बऱ्याच जणांनी लिहिलंय की मॅडम नाव छापू नका, गाईडला कळलं तर पंचाईत होईल. मला ही भीतीच जास्त खुपते. विद्यार्थ्यानं मदत मागितली म्हणजे काही गुन्हा केला नाही, आणि जे हक्काचं आहे ते मागताना लाजायचं तर काहीच कारण नाही.

मॅडम नमस्कार. मी लातूरचा, केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय, यंदा जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप निघाली. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. एक सर खूप मोठे आहेत, पेपर भरपूर, पण त्यांच्याकडे पोरंही भरपूर. दुसऱ्या मॅडम नवीन असिस्टंट प्रोफेसर आहेत, लॅब अजून लागतेय. घरचे म्हणतात मोठं नाव बघ. काय करू?

आधी मनापासून अभिनंदन. आणि पहिली गोष्ट, घाई करू नकोस, जेआरएफचं पत्र काही वर्षं चालतं आणि तू स्वतःची फेलोशिप घेऊन जातोयस, त्यामुळे कुणी तुला घेऊन उपकार करत नाहीये.

आता बघायचं कसं ते सांगते. शोधगंगा माहितीये ना, इन्फ्लिबनेटची साइट, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. तिथे त्या सरांचं नाव टाक, त्यांच्याकडे झालेले प्रबंध समोर येतील. किती जणांचे पूर्ण झाले, कुठल्या कुठल्या साली झाले ते बघ. मग दोन-चार पीडीएफ उघड आणि ऋणनिर्देशाचं पान वाच, हे पान कुणी वाचत नाही पण मला विचारशील तर सगळ्यात खरं पान तेच. एखाद्या प्रबंधात लिहिलेलं असतं की पेपर दोनदा परत आला तेव्हा सरांनी शेजारी बसून एकेक स्पेक्ट्रम परत बघितला. दुसऱ्यात गाईडच्या वाट्याला एक छापील वाक्य आणि पुढची दीड पानं लॅबमधल्या सिनिअरचे आभार. म्हणजे काम कुणी शिकवलं ते तुला तिथेच कळतं. मोठ्या लॅबमध्ये सिनिअर आणि पीएचडी झालेले पोस्टडॉक शिकवतात यात वाईट काही नाही, खूप जण तसेच घडलेत, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

त्यानंतर तिथल्या पोरांना भेट, लॅबमध्ये नाही, बाहेर चहाला. विचार की लिहिलेला ड्राफ्ट तपासून किती दिवसांनी परत येतो, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, घरी जायला सुट्टी मिळते का, आणि मधेच सोडून गेलेलं कुणी आहे का आणि का गेलं. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प बसला तर ते पण उत्तरच समज.

नियमाचं सांगायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे युजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएट प्रोफेसरला 6 आणि असिस्टंट प्रोफेसरला 4 पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या रिटायरमेंटला 3 वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. तर सरांचं वय नि त्यांच्याकडच्या रिकाम्या जागा दोन्ही बघून घे. नवीन मॅडमकडे जायचं तर लॅबमध्ये पाऊल टाकून बघ, विषारी वाफा बाहेर ओढणारा फ्यूम हूड चालू आहे का, सॉल्व्हंट उडवणारं रोटाव्हॅप आहे का, रेणूची रचना बघायला एनएमआरला सॅम्पल कुठे पाठवतात आणि किती दिवसांत रिझल्ट येतो. हे सगळं जमत असेल तर मी सरळ सांगते, मी मॅडमकडे गेले असते, कारण पहिली दोन वर्षं गाईडनं रोज समोर असणं याला पर्याय नाही. पण हूडच बसायचा असेल तर तुझं एक वर्ष सुतार आणि इलेक्ट्रिशियनमध्ये जाईल.

मॅडम, माझी युजीसीची जेआरएफ आहे, मी बीड जिल्ह्यातला आहे, घरी कोरडवाहू शेती. पाच महिने झाले एक रुपया आला नाही. मेसवाल्याची उधारी झालीये, रूमचं भाडं मित्र भरतोय. गाईड म्हणतात येईल कधीतरी, तू कामावर लक्ष दे. दिल्लीला किती मेल केले, उत्तर नाही.

वाचून खरंच वाईट वाटलं. पोटात काही नसताना कामावर लक्ष दे म्हणणं बरोबर नाही.

आता नीट ऐक, बहुतेक वेळा पैसे दिल्लीत अडकत नाहीत, आपल्याच विद्यापीठात अडकतात. युजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते, आणि विद्यापीठानं दर महिन्याला तिथे कन्फर्म करावं लागतं की हा विद्यार्थी काम करतोय. एक जण माहिती भरतो त्याला मेकर म्हणतात, वरचा अधिकारी मंजूर करतो तो चेकर. यातल्या एकानं बटण दाबलं नाही, क्लार्क रजेवर गेला, चेकरची बदली झाली आणि नवा नेमलाच नाही, की त्या महिन्याचे पैसे निघत नाहीत. तर उद्याच त्या सेक्शनला जा आणि भांडायच्या सुरात न बोलता म्हण की सर माझं कुठल्या महिन्यापर्यंत कन्फर्म झालंय ते जरा स्क्रीनवर दाखवता का. बँक खातं आधारला जोडलंय का तेही त्याच दिवशी बघून टाक.

तिथे काम झालं नाही तर अर्ज लेखी दे आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. त्याची कॉपी विभागप्रमुखांना, मग रजिस्ट्रारना. त्यानंतरही काही हललं नाही तर युजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे, तिथे तक्रार टाक आणि इनवर्डचा कागद जोड, त्या कागदामुळे तक्रारीला वजन येतं.

आणि तुला मिळायचं किती ते पण पाठ असू दे. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 आणि त्यापुढची सिनिअर रिसर्च फेलोशिप म्हणजे एसआरएफ 42,000 झालीये, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं, आणि सायन्सला कंटिन्जन्सी म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे पहिली दोन वर्षं वर्षाला 12,000, नंतर 25,000. दोन वर्षं झाली की एसआरएफ आपोआप होत नाही, कमिटी बसून कागद पुढे जावा लागतो, तो राहिला तर तू जुन्याच रकमेवर राहशील, म्हणून दोन महिने आधीच गाईडच्या मागे लाग. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची फेलोशिप असलेल्या मुलांचं वेगळं असतं, तिथे प्रगती अहवाल आणि सह्या वेळेत गेल्या पाहिजेत, आणि त्या फेलोशिपसाठी पोरांना आंदोलनाला बसावं लागलं हेही आपण सगळ्यांनी बघितलंय. मला गाईड लोकांनाही सांगायचंय, एकदा विद्यार्थ्याबरोबर त्या सेक्शनपर्यंत चालत जा हो. तुम्ही नुसते दारात उभे राहिलात तरी फाइल हलते.

बेस्ट पोस्टर, विद्यापीठांची आविष्कार संशोधन स्पर्धा वगैरेत भाग घेतला की आमचे सर चिडतात, म्हणतात बक्षिसांनी पीएचडी होत नाही, पेपर लिही. खरंच वेळ वाया जातो का?

सर अर्धे बरोबर आहेत, दर महिन्याला पोस्टर घेऊन फिरणारी मुलं मीही बघितलीत, त्यांचं काम तिथल्या तिथेच राहतं. पण वर्षातून एकदा स्वतःचं काम परक्या माणसाला समजावून सांगणं यासारखं शिक्षण नाही. आविष्कारमध्ये परीक्षक दुसऱ्याच विषयाचा असतो आणि तो विचारतो की याचा उपयोग काय, तेव्हा आपल्यालाच कळतं की आपल्याला काय कळलेलं नाही.

केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागानं 2018 मध्ये अवसर नावाची स्पर्धा सुरू केली होती, पीएचडीच्या विद्यार्थ्यानं आपलं संशोधन साध्या भाषेत गोष्टीसारखं लिहायचं, निवडलेल्या 100 लेखांना प्रत्येकी 10,000 आणि पहिल्या नंबरला 1 लाख. मला ही कल्पना फार आवडली, कारण बक्षीस नाही मिळालं तरी तो लेख पुढे प्रबंधाच्या पहिल्या चॅप्टरला उपयोगी पडतो. अशी काही जाहिरात आली तर सोडू नकोस. आणि बाहेरच्या देशातल्या कॉन्फरन्सला पेपर लागला तर पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नकोस, एएनआरएफची म्हणजे आधीच्या सर्बची ट्रॅव्हल सपोर्टची स्कीम आहे, विमानाचं तिकीट आणि रजिस्ट्रेशनसाठी मदत मिळते, फक्त अर्ज वेळेत पाहिजे. सरांना हे सगळं पेपरच्या ड्राफ्टबरोबर दाखव, म्हणजे चिडायला जागा राहणार नाही.

तिसरं वर्ष आहे, बायोटेक. मला तिसरा महिना लागलाय. मिस्टरांची बदली बंगळुरूला झालीये. गाईड म्हणाल्या, आता तुझं काही खरं नाही, विचार कर. सोडून देऊ का?

अगं सोडायचं कशाला! तुझी तीन वर्षं आहेत ती. युजीसीच्या 2022 च्या नियमांत बाई पीएचडी करत असेल तर मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह मिळून 240 दिवसांपर्यंत रजा आहे. मुदत सगळ्यांना 6 वर्षं, पुढे री-रजिस्ट्रेशननं 2, आणि बायकांना त्यावर आणखी 2, म्हणजे एकूण 10 वर्षांपर्यंत. आणि लग्नामुळे किंवा इतर कारणानं बाईला दुसऱ्या गावी जावं लागलं तर रिसर्चचा डेटा नव्या संस्थेत न्यायची सोयही त्याच नियमांत आहे, फक्त जुन्या गाईडला आणि संस्थेला त्यांचं श्रेय द्यायचं. फंडेड प्रोजेक्टमधला डेटा असेल तर ते आधी विचारून घे.

पण आधी आजचं बघ. फॉर्मलिन, इथिडियम ब्रोमाइड, फिनॉल-क्लोरोफॉर्म या सगळ्यापासून लांब राहायचंय, हे गाईडना स्पष्ट सांग आणि डॉक्टरांनाही लॅबमध्ये काय काय हाताळतेस त्याची यादी दाखव. पुढचे महिने डेटा अॅनालिसिस आणि लिखाण घे. पुढच्या रिसर्च अॅडव्हायझरी कमिटीत हा प्लॅन स्वतः मांड. ती मीटिंग दर सेमिस्टरला व्हायला पाहिजे आणि कमिटीच्या शिफारशींची कॉपी तुला मिळाली पाहिजे, ती मागून घे आणि जपून ठेव. तुझ्या गाईडही बाईच आहेत हे वाचून वाईट वाटलं, त्यांच्या वेळी त्यांना कुणी साथ दिली नसेल कदाचित. तुला मिळू दे.

चार महिने झाले लॅबमध्ये जावंसंच वाटत नाही, रात्री झोप लागत नाही, कुणाला सांगू कळत नाही.

मला सांगितलंस हे फार चांगलं केलंस. आता एका जवळच्या माणसाला सांग आणि 14416 वर फोन कर, टेली मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जा. प्रयोग थांबला तर थांबू दे, पंधरा दिवसांनी कल्चर परत लावता येतं.

मी विदर्भातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, नुकतीच गाईडशिप मिळाली. पहिला विद्यार्थी जॉइन होतोय. लॅब साधीच आहे. मी नेमकं काय करू?

सर, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचाच मला आनंद झाला. आठवड्यातला एक तास ठरवून टाका, तो वार बदलायचा नाही, मीटिंग असो की कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची धावपळ. त्या तासात आधी त्याला बोलू द्या. काय ठरलं ते त्यानंच चार ओळीत लिहून तुम्हाला पाठवायचं. पेपरवर कुणाचं नाव कुठे येणार हे काम सुरू करतानाच बोला, शेवटी बोलायला गेलं की नाती बिघडतात. त्याला तुमच्या घरची आणि ऑफिसची कामं सांगू नका, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे पण नाही.

लॅब साधी असल्याचं मनाला लावून घेऊ नका. विषय अॅस्ट्रोच्या जवळचा असेल तर पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था 1988 मध्ये विद्यापीठ-कॉलेजातल्या लोकांसाठीच उभी राहिली, नारळीकर सर तिचे पहिले संचालक. तिथे व्हिजिटिंग असोसिएटसाठी अर्ज करा, 3 वर्षांची मुदत असते, तिथे जाऊन राहून काम करता येतं. आणि 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेत सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स उघडी झालीत, तुमचं कॉलेज त्यात नोंदलंय का ते लायब्ररीयनला विचारा. नसेल तर विद्यार्थी जॉइन व्हायच्या आत ते करून घ्या, आणि लॉगिन त्याच्या हातात पहिल्याच दिवशी द्या.