अँटीबाँडिंगला घाबरू नकोस, वही उघड

अरे, दोन अणू जोडले की त्यांच्या ऑर्बिटलांपासून (इलेक्ट्रॉनच्या जागांपासून) रेणूची ऑर्बिटलं बनतात: बंध जोडणारी खालची बाँडिंग आणि बंध सैल करणारी वरची अँटीबाँडिंग. त्यातलं अँटीबाँडिंग म्हणजे ‘वाईट’ ऑर्बिटल, असं डोक्यात घेऊन बसू नकोस. मीही बरीच वर्षं तेच धरून होतो. रिकामं असतं तोवर ते बंधाच्या अध्यात ना मध्यात. इलेक्ट्रॉन आत शिरला की बंध सैल होतो.

ऑक्सिजन रेणूच्या (O₂) ऑर्बिटल-पातळ्यांची आकृती स्वतःच्या हाताने भर. १६ इलेक्ट्रॉन खालून वर भरत गेलास की शेवटचे दोन पाय-स्टार (π*) नावाच्या, समान ऊर्जेच्या दोन अँटीबाँडिंग ऑर्बिटलांत एकेकटे बसतात. असे एकेकटे इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकासारखे वागतात, म्हणूनच द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो. लुईसच्या ठिपक्यांत (इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या जोड्यांनी दाखवणाऱ्या आकृतीत) हे दिसतच नाही. आता त्या शेवटच्या दोन इलेक्ट्रॉनांतला एक काढ: बंधाची लांबी १२१ पिकोमीटरवरून ११२ वर येते. इलेक्ट्रॉन गेला आणि बंध घट्ट झाला! नायट्रोजनमधून काढलास तर बंध उलट किंचित लांबतो. का, ते आकृतीवर बोट ठेवून स्वतःला समजाव.

आणि हो, चित्रात ऑर्बिटलच्या पाकळ्यांवरची अधिक-उणे चिन्हं विद्युतभाराची नव्हेत, इलेक्ट्रॉनच्या तरंगाच्या कलेची (फेजची, म्हणजे शिखर की दरी याची) आहेत. इथे भलेभले घसरतात.

बाँडिंग पातळी जेवढी खाली उतरते, त्याहून अँटीबाँडिंग जास्त वर चढते. दोन हेलियम अणूंचा बाँड ऑर्डर (बाँडिंगमधल्या इलेक्ट्रॉनांतून अँटीबाँडिंगमधले वजा करून निम्मे) शून्य येतो खरा, पण ऊर्जेचा हिशेब तोट्यातच जातो.