एकाच धंद्याची फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, लिंक्डइन अशी सगळी अकाउंट एकट्याने कशी सांभाळायची?

सगळी सांभाळूच नका, खरंच. तुमचं गिऱ्हाईक जिथे असतं त्या दोन जागा नीट चालवा, बाकीकडे फक्त नाव अडवून ठेवा म्हणजे दुसरं कोणी घेणार नाही. नाव सगळीकडे एकच हवं, आणि एक्सवर यूजरनेमला १५ अक्षरांचीच मर्यादा आहे, म्हणून आधी तिथे बसतंय का बघा मग बाकीकडे तेच घ्या.

दुसरं म्हणजे एकच पोस्ट जशीच्या तशी सगळीकडे चिकटवू नका, इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक क्लिकच होत नाही, ती बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीत) द्यावी लागते, एक्सवर फुकटच्या अकाउंटला २८० अक्षरं, लिंक्डइनवर ३००० पर्यंत चालतं, त्यामुळे मजकूर एकच ठेवून कापाकापी करायची. आठवड्यातून एकदा बसून मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीचंच साधन) फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट शेड्यूल करून टाका, म्हणजे ठरवलेल्या वेळी आपोआप पडतील, ते फुकट आहे.

कमेंट आणि मेसेजला उत्तर मात्र स्वतः द्या, ते शेड्यूल होत नाही (मी हेच टाळायचो आणि चौकशा हातच्या गेल्या). आणि हो, टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय आणखी एक कोड) चालू करा, मदतनीसाला पासवर्ड देऊ नका, पेजचा ॲक्सेस द्या.