राग आणि पेंग

भाऊ, ध्यान करूनही राग येतो आणि बसलं की पेंग येते, असं विचारलंत. कापसाचा भाव पडला की डोकं तापणारच. ध्यानाला बसलात म्हणून राग यायचा थांबत नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग राहण्याबद्दलच्या प्रवचनात, बुद्ध सांगतात, मनात द्वेष असेल तर तो आहे एवढं जाणा. दाबू नका. छातीतली धडधड, कानशिलांची आग बघत राहा. बोलायचं ते नंतर बोला.

झोपेचं मात्र वेगळं. जळगावच्या मे महिन्यात दुपारी बसाल तर पेंग येणारच. मोग्गल्लानांसारख्या थोर शिष्यालाही ती येत होती! बुद्धांनी त्यांना कानाच्या पाळ्या ओढायला, अंग चोळायला, डोळ्यांवर पाणी मारायला, चालायला सांगितलं. तरीही गेली नाही तर उजव्या कुशीवर आडवं व्हायला. किती माया आहे त्यात! तुम्ही पहाटे, गारव्यात बसा. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत, फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा.