वजन कमी करायचंय पण भात सुटत नाहीये

गेल्या अंकात कॅलरीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी भाताबद्दल. कुणी भात सोडलाय, कुणाला सोडवत नाहीये, कुणी घरातल्यांची नजर चुकवून दोन घास खातंय आणि मग दिवसभर मनाला लावून घेतंय. हे शेवटचं वाचून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून या वेळचं सगळं सदर भातालाच दिलंय. ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मी तीन महिने भात पूर्ण बंद केला होता. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले, नंतर हळूहळू अजून थोडं. मग सुट्टीत चार दिवस भात खाल्ला तर काटा दीड किलो वर! म्हणजे भात माझ्या अंगाला लागतोच ना? कायमचा सोडू का?

नका सोडू. तुमचं ते दीड किलो म्हणजे चरबी नाहीये, जवळजवळ सगळं पाणी आहे. भात असो, गहू असो, बटाटा असो, कर्बोदकं खाल्ली की शरीर त्यातला काही भाग ग्लायकोजेन म्हणून लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं, मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणीही धरून ठेवलं जातं. कर्बोदकं एकदम तोडली की हा साठा वापरला जातो, पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काटा खाली येतो, ते तुमचे पहिल्या आठवड्यातले दोन किलो. परत खायला लागलात, साठा भरला, पाणी परत आलं.

आकड्यांतच बघा. १ किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. दीड किलो चरबी चार दिवसांत वाढायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त जायला हव्यात, म्हणजे रोज जवळजवळ २९००, आणि तेवढ्यासाठी नेहमीच्या खाण्याच्या वर रोज सव्वादोन किलो शिजलेला भात खायला लागेल. तुम्ही तेवढा खाल्ला नाहीये.

वजन शेवटी ठरतं ते दिवसभरात, आठवडाभरात एकूण किती कॅलरी गेल्या आणि किती खर्च झाल्या यावर. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ६०९ माणसं, वर्षभर, एका गटाने खाण्यातलं फॅट कमी केलं आणि दुसऱ्याने कर्बोदकं कमी केली. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचं ६ किलो कमी झालं होतं, म्हणजे फरक सांगण्यासारखा नव्हताच. आणि याहून जुनं उदाहरण भाताचंच आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. वॉल्टर केम्पनर १९३९ पासून ब्लड प्रेशर आणि किडनीच्या रुग्णांना जवळजवळ फक्त भात, फळं आणि साखर एवढ्यावर ठेवायचे, पुढे लठ्ठपणासाठीही त्यांनी हे वापरलं आणि १९७५ मध्ये अशा १०६ रुग्णांची माहिती छापली ज्यांचं प्रत्येकाचं निदान ४५ किलो वजन उतरलं होतं. हे घरी करून बघायचं अजिबात नाही बरं का, ते सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते आणि त्या आहारात प्रोटीन फारच कमी होतं. मी सांगतेय ते एवढ्यासाठीच की भात खाऊन वजन उतरतच नाही ही समजूत मनातून काढून टाका.

प्रश्न : मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये १०० ग्रॅम भाताला एका ठिकाणी १३० कॅलरी दाखवतात आणि दुसऱ्या ठिकाणी ३६०. नक्की खरं काय धरायचं?

दोन्ही खरं आहे. ३६० हा कच्च्या तांदळाचा आकडा, १३० शिजलेल्या भाताचा. तांदूळ शिजताना पाणी पितो आणि वजनाने अडीच ते तीन पट होतो, पाण्याला कॅलरी नसतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात कॅलरी कमी दिसतात. बहुतेकांची गडबड इथेच होते. कुणी शिजलेला भात मोजतं आणि कच्च्याचा आकडा टाकतं, मग बिचारे अर्धपोटी राहतात. कुणी उलटं करतं, ५० ग्रॅम कच्चा तांदूळ मोजून ६५ कॅलरी लिहितं जेव्हा प्रत्यक्षात त्या १८० असतात, आणि मग महिनाभर काटा का हलत नाही ते कळत नाही.

एकट्यापुरता भात लावत असाल तर सोपं आहे, कच्चा तांदूळ मोजा, विषय संपला. सगळ्यांचा एकत्र भात होत असेल तर मी सांगते तसं करा. रिकाम्या भांड्याचं वजन एकदा करून लिहून ठेवा. समजा ३०० ग्रॅम तांदूळ घेतला, म्हणजे १०८० कॅलरी. भात झाला की भांड्यासकट काट्यावर ठेवा, भांड्याचं वजन वजा करा, समजा भात भरला ८५० ग्रॅम. १०८० ला ८५० ने भागलं की एका ग्रॅमला १.२७, म्हणजे तुमच्या ताटात १५० ग्रॅम भात आला तर १९० कॅलरी. तुम्ही मऊ भात करत असाल तर त्यात पाणी जास्त असतं म्हणून तोच १५० ग्रॅम कमी कॅलरीचा निघेल, मोकळा फडफडीत केलात तर जास्तीचा, म्हणून अ‍ॅपमधल्या १३० पेक्षा तुमच्या भांड्याचा आकडा जास्त भरवशाचा. हे रोज आयुष्यभर करायची गरज नाही. दोन आठवडे करा, आपली नेहमीची वाटी सपाट भरली की किती ग्रॅम होतात ते एकदा बघून ठेवा, नंतर तीच वाटी काट्याचं काम करते. फक्त सपाट म्हणजे सपाट, वर डोंगर आला की तीच वाटी दीड वाटी होते आणि ते डोळ्यांना कळत नाही.

प्रश्न : मला डाएटिशियनने १५०० कॅलरी सांगितल्यात. त्यात भात बसतो का आणि किती?

बसतो, आरामात बसतो. दोन मोठी जेवणं ४५० ची, नाश्ता ३५० चा आणि मधलं काहीबाही २५० चं, झाले १५००. आता ४५० चं एक ताट बघू. कच्चा ५० ग्रॅम तांदूळ १८०, कच्ची ३० ग्रॅम डाळ १०५, भरपूर पालेभाजी किंवा फळभाजी ५० च्या आसपास, १०० ग्रॅम साधं दही ६०, आणि सगळ्या स्वयंपाकातलं तुमच्या वाट्याचं तेल एक छोटा चमचा म्हणजे ४५. बेरीज ४४०. शिजल्यावर तो भात १३० ते १५० ग्रॅम होतो, म्हणजे अगदी दोन घास नाही, नीट जेवल्यासारखं वाटतं.

या ताटात सगळ्यात बेभरवशाची गोष्ट तेल आहे, भात नाही. छोटा चमचा ४५ कॅलरी, मोठा चमचा १२०. बाटलीतून डोळ्यांच्या अंदाजाने ओतलं की एकाचे दोन मोठे चमचे कधी होतात कळतसुद्धा नाही, भातावर वरून तूप किंवा बटर घेतलं ते वेगळंच. परतलेला भात, फ्राईड राईस, यात तर भाताच्या कॅलरीला तेलाच्या कॅलरी चिकटलेल्या असतात आणि नाव बदनाम होतं ते भाताचं. मला विचाराल तर वजन कमी करताना काटा आधी भातासाठी नाही, तेलासाठी काढा.

प्रोटीनचं मात्र लक्ष ठेवा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात प्रोटीन जेमतेम पावणेतीन ग्रॅम, त्यामुळे नुसता भात खाल्ला की थोड्या वेळात परत भूक लागते. वरच्या ताटात दह्याऐवजी अंडं (साधारण ७५ कॅलरी, ६ ग्रॅम प्रोटीन), किंवा मासे, चिकन, पनीर, जास्तीची डाळ, जे चालत असेल ते वाढवा आणि त्यासाठी १० ग्रॅम तांदूळ कमी करा.

प्रश्न : ब्राऊन राईस घशाखाली उतरत नाही. खायलाच हवा का?

नाही. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये पांढऱ्या भाताच्या १३० तर ब्राऊनच्या १२० च्या आसपास, कॅलरीत जवळजवळ काहीच फरक नाही. फायबर मात्र जास्त आहे, पांढऱ्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, ब्राऊनमध्ये दीड-पावणेदोन ग्रॅम, त्यामुळे काहींना पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं. पण तेवढं फायबर एका वाटी भाजीतूनही मिळतं. आवडत असेल तर जरूर खा, तोंड वाकडं करून खाऊ नका, आणि ब्राऊन आहे म्हणून दुप्पट तर अजिबात नको. एक गोष्ट सांगून ठेवते, तांदळातलं आर्सेनिक (एक विषारी मूलद्रव्य) कोंड्यात जास्त असतं आणि ब्राऊन राईसवर कोंडा तसाच राहतो, म्हणून रोज तिन्ही त्रिकाळ ब्राऊन राईस खाण्यापेक्षा धान्य आलटून पालटून खाल्लेलं बरं.

प्रश्न : भात रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी गरम केला की कॅलरी निम्म्या होतात असा व्हिडिओ पाहिला. खरंय का?

निम्म्या होत नाहीत. त्या व्हिडिओमागे बहुतेक २०१५ सालची गोष्ट आहे, श्रीलंकेतल्या संशोधकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत खोबरेल तेल घालून शिजवलेल्या आणि मग थंड केलेल्या भाताबद्दल संशोधन मांडलं होतं, त्यात कॅलरी पुढे कधीतरी पन्नास-साठ टक्क्यांनी कमी करता येतील अशी शक्यता बोलली गेली आणि लोकांनी तेवढंच उचललं. थंड केल्यावर भातातला काही स्टार्च (पिठूळ कर्बोदक) पचायला अवघड अशा रूपात जातो हे खरं आहे, पण किती? एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात असा स्टार्च १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता आणि २४ तास फ्रीजमध्ये ठेवून गरम केल्यावर १.६५ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमचा फरक, आणि या स्टार्चमधूनही ग्रॅमला दोनेक कॅलरी मिळतातच, साध्या स्टार्चच्या चार. वाचल्या किती, दोन कॅलरी! रक्तातली साखर थोडी हळू चढते हा फायदा आहे, पण वजनाच्या हिशेबात धरू नका.

आणि शिळा भात ठेवताना जपा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवल्यावरही मरत नाहीत, भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. उलट्या-जुलाब त्यातूनच होतात. म्हणून भात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच वाफ येईपर्यंत गरम करा.

प्रश्न : रात्री भात खाल्ला की पोट सुटतं का?

घड्याळ बघून कॅलरी वाढत नाहीत. दिवसाचा हिशेब जमत असेल तर रात्री खा. फक्त रात्री उशिरा, थकून, टीव्हीसमोर जेवलं की हात सैल सुटतो, तुमचं तसं होत असेल तर भात दुपारी ठेवा.

प्रश्न : मला डायबेटीस आहे, गोळ्या चालू आहेत, वजनही कमी करायचंय. भात पूर्ण वर्ज्य का?

वर्ज्य नाही, पण तुमच्या बाबतीत नुसत्या कॅलरी बघून चालणार नाही. ५० ग्रॅम कच्च्या तांदळात जवळजवळ ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. साखर किती वेगाने चढते हे तांदळाच्या जातीवर खूप अवलंबून आहे, ज्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त तो मोकळा होतो आणि हळू पचतो, म्हणून बासमती किंवा उकडा तांदूळ चिकट, मऊ भातापेक्षा बरा. ताटात आधी भाजी आणि प्रोटीन खा, भात शेवटी, याने जेवणानंतरची साखर कमी चढते असं अभ्यासांत दिसलंय आणि याला खर्च शून्य. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा, तुमच्या शरीराचं उत्तर तिथे मिळेल. मात्र इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात एकदम निम्मा केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारून, त्यांच्याकडून डोस बघून घेऊनच कमी करा. हे मनाने करू नका, प्लीज.

प्रश्न : मोजून घेतलेला भात संपला की अजून हवाच असतो. हात थांबतच नाही. काय करू?

आधी बघा की भूक खरंच लागतेय का. खूपच कमी कॅलरीवर असाल, हजार-अकराशेवर वगैरे, तर शरीर मागणारच, तिथे दोष तुमचा नाहीये, आकडा वाढवून घ्या. तसं नसेल तर भात मोजून ताटात वाढा आणि भांडं झाकून आत ठेवून या, समोर असलं की घेतलंच जातं. भाताच्या आधी एक वाटी भाजी किंवा पातळ सूप संपवा. भातातच भाजी मिसळा, किसलेला फ्लॉवर वाफवून अर्धा-अर्धा घातला तर चवीत फारसा फरक पडत नाही आणि फ्लॉवरच्या १०० ग्रॅमला २५ च कॅलरी, म्हणजे ताट तेवढंच दिसतं आणि भाताच्या कॅलरी जवळजवळ निम्म्यावर येतात. एवढं करूनही अजून हवासा वाटला तर दहा मिनिटं थांबा आणि मग घ्या, पण काट्यावर ठेवून घ्या, ५० ग्रॅम जास्त म्हणजे ६५ कॅलरी, त्या लिहून टाका आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवा. त्याची शिक्षा म्हणून पुढचं जेवण बुडवू नका, बुडवलं की त्याच्या पुढच्या जेवणाला हात आणखीच थांबत नाही.