गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटमचे पेपर गावातून कसे शोधायचे?

प्रश्न: नमस्कार सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. एमएस्सी फिजिक्स झालं, आता तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. आइनस्टाइनची थिअरी अवकाश-काळाच्या वक्रतेऐवजी टॉर्शननं, म्हणजे त्याच्या पिळानं, पण मांडता येते असं वाचलं, तर अशा वेगळ्या मांडणीचं क्वांटायझेशन, म्हणजे तिला क्वांटम रूप देणं, कोणी केलंय का? सर्च मारला की नुसती स्ट्रिंग थिअरी आणि व्हिडिओ येतात. कॉलेजात जर्नल नाही, आणि लाइन असली तरच नेट चालते. कुठून सुरू करू?

उत्तर: ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. तुमची गाडी अडते ती 'क्वांटायझेशन' या शब्दावर. या विषयात काम करणारे लोक पेपरच्या नावात तो शब्द बरेचदा टाकतच नाहीत, ते लिहितात 'हॅमिल्टोनियन अॅनालिसिस', 'कन्स्ट्रेंट', 'कॅनॉनिकल', कारण क्वांटम करायच्या आधी खरे व्हेरिएबल किती आणि नुसता गेज, म्हणजे फक्त लिहिण्याच्या रीतीतून आलेला भाग, किती हे भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या पद्धतीनं मोजावं लागते, आणि टॉर्शनवाल्या मांडणीत पुष्कळ मेहनत तिथंच खर्च होते. म्हणून 'टेलिपॅरलल' (teleparallel, टॉर्शनवाल्या मांडणीचं नाव) सोबत हे शब्द टाकून पाहा. पूर्ण क्वांटम थिअरी मात्र कोणत्याच मांडणीची अजून हाती लागलेली नाही, हे मनात धरूनच वाचा.

शोधायचं कुठं, तर आर्काइव्ह (arXiv) या पेपरच्या वेबसाइटवर जीआर-क्यूसी (gr-qc) हा गुरुत्वाकर्षणाचा विभाग आहे, १९९२ पासूनचे पेपर, सगळे फुकट. नेट कमी असलं तर पीडीएफ उघडूच नका, आधी फक्त सारांशाचं पान पाहा, ते पटकन येते. दुसरं ठिकाण इन्स्पायर (INSPIRE), पेपर शोधायची वेबसाइट. तिथं पेपरखाली सायटेशनचा आकडा असतो, त्यावर क्लिक केलं की तो पेपर नंतर कोणी कोणी वापरला ते सगळे समोर येतात. माझ्या मते खरा शोध इथंच लागतो.

एक उदाहरण सांगतो. युनिमॉड्युलर ग्रॅव्हिटी ही आइनस्टाइनच्या थिअरीची अशीच एक वेगळी मांडणी. तिच्यात मेट्रिकचा (अवकाश-काळातलं अंतर मोजणाऱ्या राशीचा) डिटरमिनंट आधीच फिक्स करतात, मग कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट (आइनस्टाइनच्या समीकरणातला जादा स्थिरांक) वरून टाकावा लागत नाही, समीकरण सोडवताना इंटिग्रेशनचा कॉन्स्टंट म्हणून आपोआप निघतो. क्लासिकलमध्ये उत्तर आइनस्टाइनचंच. पण क्वांटम करताना फरक पडतो, नेहमीच्या व्हीलर-डीविट समीकरणात (क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या मूळ समीकरणात) काळ दिसतच नाही आणि इथं श्रोडिंगरसारखं काळ असलेलं समीकरण मिळते. हे भौतिकशास्त्रज्ञ उनरूनं (Unruh) १९८९ मध्ये मांडलं. आता त्या पेपरच्या सायटेशनमध्ये शिरा, तुम्हाला कुखार्शचा (Kuchař) १९९१ चा पेपर सापडेल, तो म्हणतो की यानं काळाचा प्रश्न सुटत नाही. दावा आणि त्यावरचा आक्षेप दोन्ही एका क्लिकवर, आणि तुमचा विषय समजायला ही जोडी फार मोलाची आहे, कारण क्लासिकलमध्ये सारख्या दिसणाऱ्या मांडण्या क्वांटममध्ये सारख्या राहतीलच असं नाही.

तसंच आपल्या महाराष्ट्रात शिरपूरला जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांचं. १९८६ मध्ये त्यांनी मेट्रिक सोडून कनेक्शनला (एका बिंदूवरची दिशा दुसऱ्या बिंदूवर कशी न्यायची ते सांगणाऱ्या राशीला) मुख्य व्हेरिएबल केलं, थिअरी आइनस्टाइनचीच, फक्त लिहायची रीत बदलली, आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षण क्वांटम करायच्या एका वाटेचा, अख्खा विषय उभा राहिला. वेगळी मांडणी कायले करायची असं कोणी विचारलं तर हेच उदाहरण द्या.

टॉर्शनसाठी सुरुवात २०१९ च्या 'जिओमेट्रिकल ट्रिनिटी ऑफ ग्रॅव्हिटी' या पेपरपासून करा, त्यात वक्रता, टॉर्शन आणि नॉनमेट्रिसिटी (सरकवताना लांबी बदलणं) या तिन्ही मांडण्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तो क्वांटमचा पेपर नाही, पण आधी तो झाला की पुढचे शब्द ओळखीचे वाटतील. लांब आढावा पाहिजे असला तर लिव्हिंग रिव्ह्यूज इन रिलेटिव्हिटी हे जर्नल सगळ्यांना मोकळं आहे. १९९२ च्या आधीचं काही अडलं तर इन्स्पायरवर कधी कधी स्कॅन केलेली प्रत मिळते, नाही मिळाली तर सरळ लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका, पुष्कळ जण पाठवतात, लाजायचं काही कारण नाही.

टॉर्शनकडे वळायच्या आधी उनरूचा पेपर वाचा, आणि कोणत्या समीकरणाशी अडलं ते नंबर टाकून कळवा, पुढच्या अंकात तेच घेऊ.