गाडी आणि कप्पीचा प्रयोग: सुरुवात अशी करा

कप्पीवरून दोरा टाकून, त्याच्या टोकाला वजन लटकवून टेबलावरची गाडी ओढायचा प्रयोग निवडलात, छान केलंत! न्यूटनचा दुसरा नियम (बल = वस्तुमान × त्वरण) यात डोळ्यांना दिसतो. सध्या एवढंच सांभाळा:

– आधी घर्षण. गाडी ज्या फळीवर चालते तिची मागची, म्हणजे कप्पीपासून लांबची बाजू वह्या लावून थोडी उचला. दोरा न बांधता गाडीला हलकी टिचकी मारा. ती एकसारख्या वेगाने गेली पाहिजे. वेग वाढत गेला तर उतार जास्त झाला. बहुतेकांचे आकडे इथेच बिघडतात.

– लटकवलेलं वजनही गाडीबरोबर पळतं, म्हणून ते एकूण वस्तुमानात धराच. गाडी ४५० ग्रॅम, वजन ५० ग्रॅम, तर बल सुमारे ०.४९ न्यूटन आणि त्वरण ०.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

– एका वेळी एकच गोष्ट बदला.

मग गाडीवर आणखी ५०० ग्रॅम ठेवा. त्वरण निम्मं होईल, पण १ मीटर जायला लागणारा वेळ दुप्पट होणार नाही, कारण तो त्वरणाच्या वर्गमुळानुसार बदलतो; १.४३ सेकंदांचे साधारण २.०२ होतील. प्रयोग फसला असं समजून पुष्कळ जण इथेच सोडून देतात. तुम्ही सोडू नका, आकडे बरोबरच आहेत!

वेळ मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओवरून मोजा. कप्पीचं स्वतःचं वस्तुमान वगैरे नंतर बघू.